सुरतेत सुरू झालेल्या गोळ्या गावात कशा पूर्ण केल्या

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार. सकाळी उपाशीपोटी ह्यांनी टीबीच्या शेवटच्या चार गोळ्या घेतल्या, रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं आणि आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मागे शेतात निघून गेले. मी ते पाकीट फाईलमध्ये ठेवून दिलं. एप्रिलपासूनचा प्रत्येक कागद त्या फाईलमध्ये आहे, म्हणून तारखा मला नीट सांगता येतील. सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या खान्देशातल्या एखाद्या घरात हा आजार निघाला, तर आमच्यासारखी धावपळ त्यांची होऊ नये म्हणून लिहितेय. मोबाईलवरच टाइप करतेय, चुका पोटात घाला.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. दोन एकर कोरडवाहू, त्यात दोन भावांची वाटणी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही सुरतेला गेलो. आमच्याकडे सुरतेला जाणं म्हणजे परमुलखात जाणं वाटतच नाही. दोंडाईच्याला गाडीत बसायचं, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत उधन्याला उतरायचं. लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांमध्ये सगळी आपलीच माणसं. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा अहिराणीत होते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. गाडी तिथून पुढे सरकते तेव्हा राज्य बदललं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कागदाच्या बाबतीत मात्र ती हद्द केवढी मोठी असते, ते मला मे महिन्यात कळलं.

हे पॉवरलूमवर कारागीर होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रातची. खोली दहा बाय दहाची, खिडकी नाही, हवा यायची ती दारातूनच. रातपाळीच्या आठवड्यात हे दिवसा झोपायचे, म्हणून दारही लोटलेलं. मी त्याच खोलीत साड्यांना लेस लावायचं काम करायचे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं.

जानेवारीत ह्यांना खोकला सुरू झाला. "मशीननी धूळ शे ती, दुसरं काही नही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मलाही ते पटलं, कारण लूमवर काम करणारा प्रत्येकच माणूस थोडाफार खोकतो. कामावरून आले की केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर सुताचे बारीक पांढरे तंतू बसलेले असायचे. तसेच छातीतही जात असतील, मग खोकला येणारच, असं वाटायचं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शन, गोळ्या, खोकल्याची बाटली, २५० रुपये. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मार्चपर्यंत असे सहा हेलपाटे झाले. मध्ये एकदा टायफॉइड सांगितला, तीन सलाईन लावल्या, रक्त तपासलं. निदान होण्याआधीच सगळे मिळून जवळजवळ सात हजार गेले होते. बुडालेले खाडे वेगळे, कारण लूमवर जितकं कापड निघेल तितका पैसा.

संध्याकाळी कणकण, रात्री घामाने उशी ओली, भूक मेलेली. ५८ किलोचा माणूस ४६ वर आला. पॅन्ट सुतळीने बांधायला लागले, तरी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो नाही. ह्याची दोन कारणं होती आणि दोन्ही सांगायला पाहिजेत. एक म्हणजे दवाखान्याची वेळ आणि पाळीची वेळ एकच, गेलं की दिवस बुडाला. दुसरं म्हणजे आमचा आधार महाराष्ट्राचा, तर गुजरातच्या सरकारी दवाखान्यात आपल्याला कोण विचारणार, असा आमचा समज. तो समज साफ चुकीचा निघाला. टीबीची तपासणी आणि औषधं देशात कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट आहेत, तुमचा आधार कुठलाही असो. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थेट तिथेच जा.

१८ एप्रिलला, शुक्रवारी, हे दिवसपाळीवरून आले, मोरीत बसून खोकले आणि रुमाल घडी करून खिशात घालायला लागले. मी हातातून ओढून घेतला. रुमालाला सुताचे पांढरे तंतू चिकटलेले आणि त्यात रुपयाएवढा लाल डाग. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मुलं जेवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी ह्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि थुंकीची डबी दिली. डबीबद्दल त्यांनी जे समजावलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, मोकळ्या हवेत उभं राहून खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून बेडका काढायचा. तोंडातली लाळ चालत नाही. लाळ दिली तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही आणि माणूस निर्धास्त फिरतो. छातीचा एक्स-रे काढला. थुंकी मशीनवर तपासली. त्या मशीनमध्ये टीबीचे जंतू आहेत का हे तर कळतंच, शिवाय रिफाम्पिसिन नावाच्या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही हेही कळतं. सोमवारी रिपोर्ट आला. टीबी होता. औषधाला दाद न देणारा नव्हता, तेवढं नशीब. मग एचआयव्ही आणि साखर तपासली, ती टीबीच्या प्रत्येक रुग्णाची तपासतात. दोन्ही नीट निघालं. कुठेही एक रुपया लागला नाही.

२४ एप्रिलला, गुरुवारी, गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, नंतरचे चार महिने तीन औषधांची. किती गोळ्या हे वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. ह्यांना तीन लागू झाल्या. लघवी लाल-केशरी होईल, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर आम्ही दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या असत्या. डोळे किंवा लघवी गर्द पिवळी दिसली, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा रंग वेगळे दिसू लागले, तर लगेच या, हेही सांगितलं. दारू आणि तंबाखू बंद. दारूचा प्रश्न नव्हता. तंबाखू सुटायला मात्र आषाढ उजाडला.

फॉर्म भरताना आमच्याकडून पहिली चूक झाली. मोबाईल नंबर विचारला तेव्हा ह्यांच्या फोनचा रिचार्ज संपलेला, म्हणून शेजारच्या खोलीतल्या बाईंचा दिला. कार्डावर निक्षय आयडी लिहून दिला. हा आयडी म्हणजे देशभराच्या टीबी रुग्णांच्या नोंदीतला आपला नंबर. तो असला की कुठल्याही जिल्ह्यात उपचार पुढे चालू होतात. त्या दिवशी मला त्याचं मोल कळलं नाही. गोळ्या चौदा दिवसांच्या मिळाल्या. "गावाला जाणार असाल तर आधी इथे सांगून जा," असं त्या बाई दोनदा म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या.

आणि न सांगता निघालो. तिकडे कारखान्यात आजार कळला होता, बरे झाल्यावर बघू म्हणून सांगण्यात आलं. सहा वर्षं एकाच ठिकाणी काम केलेलं, पण हातात ना पगाराची पावती, ना कुठलं कार्ड. मागच्या पंधरवड्याचा हिशेब अर्धाच मिळाला. बुधवारी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती, गावाला जायचंच होतं. ह्यांना वाटलं, केंद्रात सांगायला गेलो तर जाऊ देणार नाहीत, नाहीतर गावात फोन करून बोभाटा करतील. २८ एप्रिलला आम्ही चौघं गाडीत बसलो. गर्दीत हे दाराशी तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले, मुलांना जवळ येऊ दिलं नाही. व्यारा गेलं, नवापूर गेलं. कार्ड खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात राहिलं होतं, आणि ते राहिलंय हे मला नंदुरबारला आठवलं.

आखाजी आम्ही आजार लपवून काढली. घागर भरली, सांजोऱ्या केल्या, आमरस झाला. नणंदा माहेरी आलेल्या, लिंबाला झोका बांधलेला. हे मागच्या परसात जाऊन गोळ्या घ्यायचे. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटायचं पोरगा सुरतेच्या खाण्याने वाळलाय. त्या ताटात तूप वाढायच्या आणि ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. उन्हाळा असा की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, त्यात गोळ्यांची मळमळ.

७ मेला गोळ्या संपल्या. ८ तारखेला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर मीटिंगला गेले होते. तिथल्या कर्मचाऱ्याने विचारलं, नाव कुठे लावलंय? सुरतेला. मग तिकडून ट्रान्सफर आणा. कार्ड? नाही. मग काय करणार? मी रिकामी पाकिटं दाखवली, त्यांनी ती पाहून परत दिली. ९ तारखेला शेजारच्या बाईंना फोन केला. त्यांनी मालकाकडून किल्ली घेऊन डबा उघडला आणि कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. तेव्हाच कळलं की केंद्रातून त्यांना दोनदा फोन येऊन गेला होता. आम्हाला काय झालंय हे त्यांना माहीतच नव्हतं, म्हणून त्यांनी "गावाला गेले" एवढंच सांगितलं होतं. फोटो घेऊन पुन्हा केंद्रात, तर साहेब आज नाहीत. १० तारखेला दुसरा शनिवार. ११ ला रविवार. १२ ला बुद्धपौर्णिमा.

ते पाच दिवस माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. ह्यांचा खोकला थोडा बसलेला, तर हे म्हणायला लागले की आता बरंच वाटतंय, राहू दे. गोळ्या मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग जास्त काळाची आणि जास्त त्रासाची औषधं लागतात, हे सुरतेच्या बाईंनी बजावलं होतं. रात्री सगळे अंगणात झोपलेले असायचे आणि मी ह्यांच्या खोकल्याचे आवाज मोजत पडायचे.

१३ मेला, मंगळवारी, आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात न जाता थेट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. ही वाट गावातल्या आशाताईंनी दाखवली. मी शेवटी त्यांच्यापाशी रडून सगळं सांगितलं होतं. तिथे टीबीसाठी वेगळे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक असतात, सगळे त्यांना एसटीएस सर म्हणतात. त्यांनी मोबाईलमधला फोटो पाहून आयडी कॉम्प्युटरवर टाकला. ह्यांचं नाव, वय, सुरतेचा रिपोर्ट, गोळ्यांची तारीख, सगळं समोर आलं. त्यांनी सुरतेच्या केंद्राला फोन लावला. तिकडून पाठवलं, इकडून स्वीकारलं. दहा मिनिटं लागली असतील. मग वजन केलं आणि गोळ्या हातात ठेवून म्हणाले, "आधी गोळ्या, मग कागद. कागद नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर मला फोन करायचा." बुडालेले पाच दिवस शेवटी वाढवून घ्यायला लागतील, म्हणजे पहिला टप्पा २३ जूनपर्यंत, असा हिशेब त्यांनी कार्डावर मांडून दिला.

म्हणून सांगते, गाव सोडताना किंवा गावाला येताना तीन कामं करा. निघण्याआधी केंद्रात सांगा, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या तालुक्यात जाताय ते लिहून द्या, आणि प्रवासाच्या दिवसांच्या जादा गोळ्या मागून घ्या. निक्षय आयडीचा फोटो दोन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मी तर आता कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहून ठेवलाय. नंबर स्वतःचा द्या. कुठेच दाद लागली नाही तर १८००-११-६६६६ हा टीबीचा टोल-फ्री नंबर आहे. हा मला १३ मेनंतर कळला, ८ मेला माहीत असता तर ते पाच दिवस गेले नसते.

एसटीएस सरांनी त्याच दिवशी विचारलं, घरात कोण कोण आहे? दोन दिवसांनी आशाताई आणि आरोग्यसेविका घरी आल्या आणि लपवाछपवी संपली. सगळ्यांचा खोकला विचारला, वजनं घेतली, आबांचा, माझा आणि मुलांचा एक्स-रे काढायला लावला. कुणाला आजार नव्हता. सुरतेत एका खोलीत राहिलेलो आम्ही, म्हणून मला आणि दोन्ही मुलांना आजार होऊ नये यासाठीच्या गोळ्या २० मेपासून सुरू झाल्या, रोज एक वेळ, सहा महिने. चार वर्षांच्या मुलीला रोज गोळी देणं सोपं नाही. मी पूड करून गुळाच्या खड्यात दाबून द्यायचे. पाच वर्षांखालच्या मुलांना हा आजार झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून एक दिवस चुकू दिला नाही.

आत्यांनी त्या दिवशी ह्यांचा तांब्या, ताट, वाटी वेगळी केली आणि ओट्यावर पालथी घालून ठेवली. त्यांना बोल लावत नाही मी. त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरातली बाई ह्याच आजाराने गेली होती. आशाताईंनी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की हा आजार भांड्यातून, हात लावून, एकत्र जेवून होत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो, तेही कोंदट खोलीत जास्त, आणि नीट गोळ्या चालू राहिल्या की काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. हे तसेही अंगणात खाटेवर झोपत होते. मग आत्यांनी ती खाट गोठ्याजवळून उचलून लिंबाखाली आणली. ताट मात्र वेगळंच राहिलं.

पैशांचं सांगते. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी पैसे मिळतात, निक्षय पोषण योजना. २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. सहा महिन्यांचे सहा हजार, दोन हप्त्यांत, थेट खात्यात. ह्यांचं खातं गावाजवळच्या बँकेत होतं, पण पाच वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. केवायसीसाठी आधार, पॅन, दोन फोटो नेले. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला आधारवरचा मोबाईल नंबर जुना निघाला, तो बदलायला आधार केंद्रात रांग. तिसऱ्या खेपेला काम झालं. तीन खेपांचं भाडं आणि झेरॉक्स मिळून चारशे रुपये. १९ जूनला पहिले तीन हजार जमा झाले, दुसरे सप्टेंबरमध्ये. सुरतेत असतानाच खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, हे पाहून ठेवलं असतं तर मे महिन्यात हाती पैसे असते, आणि मे महिन्यातच ते हवे होते. बचत गटातून दहा हजार उचलले होते, त्यातलेच वापरले. जूनपासून मी निंदणीला जायला लागले, अडीचशे रुपये रोज.

त्या तीन हजारांचं काय केलं हे लोक विचारतात. शेंगदाणे, अंडी, उडदाची डाळ आणि घरासाठी एक लिटर दूध रोज. दूध फक्त ह्यांना न देता सगळ्यांना द्या, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच सांगितलं. झारखंडमध्ये टीबी झालेल्यांच्या घरातल्या माणसांना नीट शिधा देऊन पाहिला होता, २०२३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. नुसत्या चांगल्या खाण्याने त्या घरांतले नवे रुग्ण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाले. सुरतेत आम्ही काय खायचो ते मला त्या वेळी आठवलं. सकाळी चहा-पाव, दुपारी डब्यात बटाटा, रात्री पुन्हा तेच. राहिलेले पैसे गावी पाठवायचे. रेशन कार्ड गावात, धान्य आबा उचलायचे. एक देश एक रेशन कार्डमुळे त्याच कार्डावर सुरतेतल्या दुकानातही अंगठा लावून आपल्या वाटणीचं धान्य घेता येतं आणि उरलेलं गावी उचलता येतं. दहा वर्षं तिथे राहून हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

जून-जुलैचं फार सांगण्यासारखं नाही. गोळ्या, सांधेदुखी, पाऊस, कपाशी. २३ जूनची थुंकी निगेटिव्ह आली आणि गोळी बदलली. जुलैच्या शेवटी वजन ५२ झालं, वजनाचा गट बदलला म्हणून तीनच्या चार गोळ्या झाल्या. वजन दर महिन्याला करायला सांगा, विसरू देऊ नका, गोळ्या त्यावरच ठरतात.

मग कानबाई आली, आमच्या खान्देशातला देवीचा मोठा सण. ३ ऑगस्टचा रविवार. आमच्याकडे दिवाळीला एखादा माणूस सुरतेत राहील, कानबाईला राहत नाही. सगळी भाऊबंदकी गोळा झालेली. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच एकत्र बसून खायचा असतो. तोवर भाऊबंदांमध्ये कुजबुज चालली होतीच. कुणी म्हणे यंदा ह्यांनी बाजूला बसावं, कुणी म्हणे मूठ घ्या पण रोट घरी द्या. मी परातीशी बसले होते आणि हात गार पडले होते. आबांची मूठ झाली. थोरल्या दिरांची झाली. जाऊबाई थांबल्या आणि आत्यांकडे बघायला लागल्या. आत्या उठून आल्या. "मना पोऱ्यानी मूठ मी लिसू," म्हणाल्या आणि गव्हात हात घालून ओंजळीएवढी मूठ काढली, वर पाव मूठ ठेवली. दाणे परातीत पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी हे सगळ्यांच्या पंगतीत बसले. आत्यांनी वेगळी केलेली ताट-वाटी त्या दिवशी धुवून मांडणीत लावली.

त्याच पंगतीत समोर बसलेला ह्यांच्या चुलत काकांचा मुलगा सारखा खोकत होता. तोही लूमवर, त्याच भागात खोली. दोन महिने झाले, म्हणाला, धूळ आहे. ह्यांनी जेवण झाल्यावर त्याला हाताला धरून लिंबाखाली नेलं आणि स्वतःचं सगळं सांगितलं. आजार कळल्यापासून ह्यांनी आपणहून सांगितलेलं ते पहिलंच माणूस. मंगळवारी दोघं तालुक्याला जाऊन डबी देऊन आले. त्याला टीबी निघाला. त्याचं नाव आधी इथे लावलं, इथून सुरतेला ट्रान्सफर केलं, आणि तो गोळ्या, कार्ड, तिथल्या केंद्राचा पत्ता घेऊन गेला. त्याची एक गोळीही बुडाली नाही.

कानबाईलाच आणखी एक गोष्ट कळली. गावातला एक जण कपड्याच्या प्रोसेसिंग मिलमध्ये आहे, त्याच्या खिशात ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड होतं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, २१ हजारांपर्यंत पगार असेल तर हा विमा लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. टीबी त्यांच्या लांबच्या आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षांची नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात रोजच्या मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ह्यांनी सहा वर्षं काम केलं होतं. आमच्या पगारातून काहीच कापत नाहीत, हे आम्ही चांगलं समजत होतो. हे कळलं त्या रात्री ह्यांना झोप लागली नाही, आणि मलाही नाही. काम धरताना पगार किती हे विचारतो तसं ईएसआयचा नंबर काढणार का हेही विचारा. नंबर मिळाला तर तो मोबाईलमध्ये ठेवा आणि वर्गणी भरली जाते का ते बघत राहा.

ऑक्टोबरमध्ये शेवटची थुंकी निगेटिव्ह आली. एक्स-रेमध्ये उजवीकडे वर जुना व्रण दिसतो, तो राहणार. वजन ५६. डॉक्टरांनी धुळीचं काम नको म्हटलं, पण दोन एकरांत दोन घरं भागत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. दिवाळी, भाऊबीज झाली आणि २ नोव्हेंबरला हे परत सुरतेला गेले. ह्या वेळी लूमवर नाही, कापड मार्केटमध्ये साड्यांच्या पार्सल पॅकिंगला. पगार दोन हजारांनी कमी आहे. खोली बदलली, खिडकीची घेतली, भाडं सातशे जास्त. मी आणि मुलं वार्षिक परीक्षेपर्यंत गावातच आहोत, मुलांच्या आणि माझ्या गोळ्या २० नोव्हेंबरला संपतील.

जाताना फाईलच्या दोन प्रती केल्या, एक ह्यांच्या बॅगेत, एक माझ्याकडे. उपचार संपल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यायची असते, कारण आजार उलटू शकतो. पहिली एप्रिलमध्ये आहे. आखाजीला हे येतील तेव्हा ती इथेच करायची, असं एसटीएस सरांनी त्यांच्या वहीत लिहून घेतलंय आणि ह्या वेळी समोर नंबर माझा आहे.